गोठ्यातली माती, गुलाबी प्लेटी आणि दोन निकल: निपाणी-चिकोडीची तीन दिवसांची ट्रिप

मागच्या महिन्यात आम्ही तिघं निपाणीकडं जाऊन आलो, मातीचे नमुने आणायला. तेव्हापासून लॅबमधली ज्युनिअर पोरं एकेक करून तेच विचारतायत, कसं गेलात, कुठं राहिलात, काय न्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे की माती आणायला एवढं लांब कशाला. आम्हाला पाहिजे युरिएज, म्हणजे युरिया मोडून अमोनिया करणारं एन्झाइम, आणि तेही जंगली जीवाणूचं. कुणीही म्हणेल की जीन घ्या, ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जीवाणूत घाला, प्रोटीन काढा. तसं करून बघितलं, प्रोटीन निघालं ढीगभर पण काम शून्य. कारण या एन्झाइमच्या पोटात निकलचे दोन अणू लागतात आणि ते आपोआप जाऊन बसत नाहीत, जीवाणूकडं त्यासाठी वेगळी मदतनीस प्रोटीनं असतात, ती नसली तर हातात नुसतं रिकामं खोकं येतं. त्यापेक्षा मूळ जीवाणूच पकडा, वाढवा आणि त्याच्यातनंच भरलेलं एन्झाइम काढा असं ठरलं. माझं आजोळ निपाणीजवळ, जिकडंतिकडं ऊस, प्रत्येक घरामागं म्हशी आणि युरियाची पोती, म्हणून तिकडं.

जायचं सोपं आहे. पुण्यातनं बेळगाव-बेंगळूरकडं हायवेनं जाणारी बस निपाणीवरनंच जाते, फक्त रात्रीची गाडी असेल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच जणी हायवेवरच उतरवतात आणि पहाटे चारला थर्मोकोलचा डबा घेऊन तिथं उभं राहणं काय मजेचं नाही. पुढं चिकोडीला कर्नाटकच्या लाल बस आहेत. पाट्या कन्नडमध्ये, पण कंडक्टरला मराठीत विचारा, काही अडत नाही. २०२३ पासून तिथल्या बायकांना साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे त्यामुळे गर्दी जाम असते, आमच्याबरोबरच्या मैत्रिणीनं रुबाबात आधार कार्ड काढलं तर ते महाराष्ट्राचं निघालं आणि तिला पूर्ण तिकीट पडलं, अख्खी बस हसली. सीमाभागात आंदोलन असलं की एसटी कागलच्या पुढं जात नाही, तेव्हा निघायच्या आधी घरच्या कुणाला तरी फोन करा.

पहिला नमुना मामांच्या ओळखीतल्या एका आण्णांच्या गोठ्यातला. सकाळी सहाला गेलो, दार उघडल्या उघडल्या डोळ्यात पाणी. म्हशी जिथं मुततात ती मोरी, तिच्या कडेची ओली काळी माती, वरचा थर खरवडून बोटभर खालची घेतली. आण्णा तंबाखू मळत बघत होते. "काय करूलालास गा ह्ये? शेण न्यायला पुण्यास्नं आलास व्हय?" मी म्हटलं आण्णा, हा वास कोण करतंय ते शोधतोय. तर म्हणाले, "वास तर उसातबी येतोय की. युरिया फेकला आन पाणी द्यायला लाईट न्हाई, थ्री फेज येनार रात्री, तवर दुपारी नाकाला झोंबतंय." मी गप्पच झालो, कारण मातीतलं युरिएज युरियाचा अमोनिया करून हवेत घालवतं, हे आमच्या प्रोजेक्टचं पहिलं पान त्यांनी एका दमात सांगितलं होतं.

मग चहा घेता घेता त्यांना जमेल तसं सांगितलं, इथंही सांगतो. युरिया नुसत्या पाण्यात ठेवला तर फार हट्टी, २५ अंशाला निम्मा मोडायला सुमारे ४० वर्षं. युरिएज असलं की तेच काम जवळजवळ १०च्या १४व्या घातापट वेगानं होतं. १९२६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स सम्नर यांनी एका शेंगेच्या बियांतनं युरिएजचे स्फटिक काढून एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे दाखवलं (एका हातानं बरं का, दुसरा सतराव्या वर्षी शिकारीत गेलेला), नोबेल मिळालं १९४६ ला. आत निकल आहे हे कळायला १९७५ उजाडलं आणि जीवाणूच्या युरिएजची रचना दिसायला १९९५, क्लेबसिएला नावाच्या जीवाणूचं, २.२ आंगस्ट्रॉमपर्यंत बारीक (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग).

त्या रचनेत दोन निकल एकमेकांपासून साडेतीन आंगस्ट्रॉमवर बसलेत आणि दोघांना धरून ठेवलंय प्रोटीनमधल्या लायसिन नावाच्या एका अमिनो आम्लानं, ज्याच्या टोकाला कार्बन डायऑक्साइडचा रेणू चिकटलाय. एका जोखडाला दोन बैल समजा. मधे पाण्यापासनं झालेला हायड्रॉक्साइड. युरिया आला की त्याचा ऑक्सिजन एका निकलला टेकतो, एक नायट्रोजन दुसऱ्याला, वरनं प्रोटीनची झडप बंद होते आणि कोंडीत सापडलेल्या कार्बनवर हायड्रॉक्साइड तुटून पडतो. एक अमोनिया सुटतो, उरलेला तुकडा, कार्बामेट, आपला आपण मोडून दुसरा अमोनिया देतो. हल्ला हा मधला हायड्रॉक्साइडच करतो की दुसरं कुठलं पाणी यावर बरीच वर्षं भांडण होतं. २०१९ मध्ये स्पोरोसार्सिना पाश्चुरी या जीवाणूच्या युरिएजमध्ये मधल्या हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड बसवून गाडी अडवली गेली, तेव्हा युरिया आत अडकलेला प्रत्यक्ष दिसला, दोन्ही निकलना टेकलेला. मला तरी त्यानंतर मधल्याचीच बाजू पटते.

आता आमचा घोटाळा. तुम्ही तो करू नका. नमुने तिथल्या तिथं तपासायला युरिया आणि फिनॉल रेड हा रंग घातलेल्या, जीवाणू वाढवायच्या प्लेटी नेल्या होत्या, पिवळ्या असतात, अमोनियानं पीएच चढला की गुलाबी. रात्री लॉजवर डबा उघडला तर सगळ्या गुलाबी! आम्ही नाचायचेच बाकी होतो, तेवढ्यात मैत्रिणीनं तळाची प्लेट काढली, जिच्यावर काहीच लावलं नव्हतं. ती पण गुलाबी. गोठ्याच्या मातीच्या ट्यूबचं झाकण ढिलं राहिलं होतं आणि दिवसभर बंद डब्यात त्या अमोनियानं सगळ्या प्लेटी रंगवल्या. बारा प्लेटी आणि एक दिवस पाण्यात.

तेव्हा माती एका डब्यात, प्लेटी दुसऱ्यात, झाकणाला पॅराफिल्म (ताणून बसवायची मेणाची पट्टी) मारा. कोरी प्लेट बरोबर हवीच, आणि एक युरिया न घातलेलीसुद्धा, कारण काही जीवाणू प्लेटीतलं नुसतं पेप्टोन (प्रोटीनचं खाद्य) खाऊनही पीएच चढवतात. युरिया ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या वाफेच्या कुकरमध्ये, घालू नका, उष्णतेनं तिथंच मोडतो, फिल्टर करून प्लेटीतली जेली, म्हणजे अगार, ५० अंशाच्या आसपास आल्यावर मिसळा. नमुने बर्फात गाडायची गरज नाही, सावलीत ठेवले तरी पुरतं. शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारा आणि घाईत असाल तर सरळ सांगा, नाहीतर प्रत्येक घरी चहा होतो, आमचे दुसऱ्या दिवशी नऊ झाले. साखर कारखाने चालू असताना जाऊ नका, चिकोडी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं तास जातो. बेळगावला पोचलात तर कुंदा आणा, पण नमुन्यांच्या डब्यातनं नको.

पुण्यात नव्यानं लावल्यावर चार नमुने खरे निघाले, सगळ्यात जोरात आण्णांच्या मोरीतला. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "ते र्‍हाऊ दे, युरिया कवा घालू ते सांग." म्हटलं, लाईट येणार असेल त्याच दिवशी घाला आणि वर माती ओढा.