नक्की ना, बाई?

रविवार, रात्री

भाच्याचा फोन आला. नववीत आहे. तो आपणहून फोन करतो तेव्हा एकतर शाळेचा प्रकल्प असतो, नाहीतर घरातलं भांडण मिटवायचं असतं. आज तिसरंच निघालं. "मावशी, ते सर्नवाले दुसऱ्या जगाचं दार उघडतायत म्हणे. खरंय का?"

कुठल्याशा व्हिडिओत कुणीतरी लाल बाण काढून काढून हे समजावलंय. (सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा. तिथल्या भुयारातल्या यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात.) सोबत आणखी एक व्हिडिओ: सर्नच्या आवारातली नटराजाची मूर्ती, रात्रीची वेळ, अंगरखे घातलेली माणसं आणि नरबळी.

मला हसू आलं आणि ते मी मध्येच गिळलं. हेच हसू मी पूर्वी एकदा हसलेय, आणि ते अजून सलतं.

मूर्तीचं लगेच सांगून टाकलं. ती २००४ साली भारताने भेट दिली, दोन मीटर उंच आहे, आणि नटराजाचं नृत्य व मूलकणांची हालचाल यांतलं साम्य दाखवायला तिथे उभी आहे. बळीचा व्हिडिओ २०१६ मधला. आवारात यायचा परवाना असलेल्याच कुणीतरी केलेली चेष्टा, असं सर्नने तेव्हा सांगितलं होतं. दुसऱ्या जगाच्या दाराची आवई तर जुलै २०२२ मध्ये, तीन वर्षांच्या विश्रांतीनंतर यंत्र पुन्हा पूर्ण जोरात चाललं, तेव्हाही उठली होती. तो सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे काही होणार नाही. नक्की ना?"

मी म्हटलं, "उद्या-परवा सांगते." त्याला हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

सोमवार

२००८ ची वही काढली. १० सप्टेंबर, बुधवार. पानावर दोनच ओळी: 'जिनिव्हाचं यंत्र सुरू झालं. जग शिल्लक आहे.' पुढे उद्गारचिन्ह. मला आज ते उद्गारचिन्हच जास्त टोचलं.

त्या आठवड्यात वाहिन्यांना दुसरा विषय नव्हता. महाप्रयोग, महास्फोट, कृष्णविवर पृथ्वी गिळणार. हवाईच्या न्यायालयात तर दोघांनी यंत्र थांबवा म्हणून दावाच लावला होता. मी तेव्हा आठवी-नववीला विज्ञान शिकवायचे. आदल्या दिवशी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, उद्या काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "गृहपाठ टाळायला चांगलं कारण शोधलंस." वर्ग खदखदून हसला. ती बसली नाही. "नक्की ना, बाई?"

"नक्की. बस खाली."

एवढंच. ती बसली. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे दुपारचे दोन वाजायला आले असताना प्रोटॉनांचा पहिला झोत सत्तावीस किलोमीटरचा फेरा पुरा करून आला, तिकडे टाळ्या वाजल्या, इकडे माझा तास चालू होता. आणि मग बातमी वाचली. मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलीने जीव दिला होता. जग बुडणार या बातम्या बघून ती घाबरली होती, असं घरच्यांचं म्हणणं. वय माझ्या वर्गातल्या मुलींच्याच आसपासचं.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीला काही झालं नाही. शिकली, मार्गी लागली. पण तिला तेव्हा कुणी नीट उत्तर दिलं होतं का, तर नाही. मी तरी नाही.

यातली खरी थट्टा अशी की १० सप्टेंबरला टक्कर झालीच नव्हती. झोत आधी एका दिशेने फिरवला, मग दुसऱ्या दिशेने. भीती होती ती टकरीची, आणि समोरून कुणी आलंच नाही तर टक्कर कसली? नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन चुंबकांमधला एक विजेचा सांधा वितळला, काही टन द्रवरूप हेलियम भुयारात सुटलं, आणि यंत्र वर्षभराहून जास्त आजारी पडलं. मोठ्या ऊर्जेच्या टकरी सुरू झाल्या ३० मार्च २०१० ला. वहीत तो दिवस पाहिला: उत्तरपत्रिका, एका पालकाची तक्रार, डोकेदुखी. जगबुडीचा एक शब्द नाही. ज्या दिवशी घाबरायचं त्या दिवशी कुणी घाबरलं नाही.

मंगळवार

भाच्याला काय सांगायचं याची दुपारभर जुळवाजुळव केली. डासापासून सुरुवात करावी. एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे साधारण एका उडत्या डासाच्या अंगात असते तेवढी गतीची ऊर्जा. या यंत्रातल्या दोन प्रोटॉनांच्या टकरीत अशी तेरा-चौदा डासांची ऊर्जा असते. ऐकायला चिल्लर. फक्त ती डासाहून अब्जावधी पटींनी लहान जागेत कोंबलेली असते, म्हणून तर एवढा खटाटोप. शून्याखाली २७१ अंशांवर गारठवलेले १२३२ मोठे चुंबक लागतात, ते या प्रोटॉनांना वळवून रिंगणात ठेवायला.

मग वैश्विक किरण. आकाशातून येणारे कण वातावरणावर आदळतच असतात, आणि त्यांतल्या काहींपुढे जिनिव्हाचं यंत्र म्हणजे पोरखेळ. १५ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेत युटाच्या आकाशात असा एकच कण टिपला गेला, त्याच्या एकट्यात जोराने फेकलेल्या चेंडूइतकी ऊर्जा होती. एका कणात! म्हणजे निसर्गाने हा प्रयोग पृथ्वीच्या डोक्यावर आजवर निदान लाखभर वेळा तरी पुरा केलाय, आणि आपण आहोत.

इथवरचं मला २००८ मध्येही माहीत होतं. कुणी खोदून विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं आणि विजयी मुद्रेने फळा पुसला असता. पण यात एक फट आहे. वरून येणारा कण सुसाट असतो. त्याच्या धडकेतून एखादं चिमुकलं कृष्णविवर जन्मलंच, तर तेही त्याच वेगाने पृथ्वीतून आरपार निघून जाईल, काही गिळायला त्याला सवडच नाही. यंत्रात मात्र दोन झोत समोरासमोर येतात, दोघांचा वेग एकमेकांना खाऊन टाकतो. तिथे जन्मलेलं काही जवळजवळ जागच्या जागी राहू शकतं. मग? हा प्रश्न वेडगळ नाही. मला तो कितीतरी वर्षांनी कळला, आणि कळला तेव्हा तिसऱ्या बाकाची आठवण होऊन कान गरम झाले.

त्याचंही उत्तर २००८ मध्येच देऊन झालं होतं. स्टीव्हन गिडिंग्ज आणि मिकेलांजेलो मँगानो या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडलं. पृथ्वीतून निसटेल, पण श्वेतबटू ताऱ्यातून? त्याहूनही घट्ट दाबलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यातून? श्वेतबटू म्हणजे सूर्याच्या तोडीचं वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यात दाबलेलं. वैश्विक किरण त्यांवरही आदळतातच, पण तिथे कितीही वेगाचं कृष्णविवर अडकेलच. आणि ते धोक्याचं असतं तर त्याने तो तारा कधीच फस्त केला असता. हे तारे तर अब्जावधी वर्षं आकाशात आहेत, आपण दुर्बिणीतून त्यांना बघतो. म्हणजे यंत्राच्या सुरक्षेची साक्ष द्यायला विझत आलेले तारे आले. मला या युक्तिवादाचं फार कौतुक आहे, उगाच का लपवा.

अशी विवरं क्षणात विरून जातील, हे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं १९७४ चं म्हणणं आहेच. पण ते विरणं अजून कुणी पाहिलेलं नाही, म्हणून सुरक्षेचा हिशेब करणाऱ्यांनी केवळ त्याच्या भरवशावर विसंबायचं नाही असं ठरवलं. हे मला आवडलं. आपल्या बाजूचा सगळ्यात सोयीचा पुरावा आपणच बाजूला ठेवायचा.

तरी शास्त्रज्ञ 'शक्यता शून्य' म्हणायला अडखळतात. त्यांच्या बोलण्याची धाटणीच ती. आणि नेमकं ते अडखळणं घाबरलेल्या कानाला ऐकू जातं, मागचं पुढचं काही नाही. लाल बाणवाला कधी अडखळत नाही.

बुधवार

आशेचंही तेच झालं, हे आज लक्षात आलं. ४ जुलै २०१२ ची पानं उघडली. चार पानं भरून लिहिलंय! हिग्ज बोसॉन (इतर मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं याच्याशी जोडलेला कण) सापडल्याची घोषणा, त्याचं भाकीत करणारे आणि आता सभागृहात डोळे पुसणारे पीटर हिग्ज, बोसॉन या नावातले आपले सत्येंद्रनाथ बोस. 'देवकण' या शब्दावर चिडचिड. (अजूनही चिडते. लिऑन लेडरमन यांच्या पुस्तकातून ते नाव पसरलं, खुद्द हिग्ज यांनाही ते आवडायचं नाही, आणि देवाचा त्यात काडीचा संबंध नाही.) हॉकिंग हा कण सापडणार नाही अशी शंभर डॉलरांची पैज हरले, तेही चवीने लिहिलंय.

चौथ्या पानावर हे वाक्य: 'आता दहा वर्षांत कृष्णद्रव्य काय आहे ते नक्की कळेल, मुलांना सांगितलं.'

नक्की!

कृष्णद्रव्य, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणावरून जाणवतं ते द्रव्य, काय आहे ते कळलं नाही. अतिसममितीचे कण, म्हणजे माहीत असलेल्या प्रत्येक मूलकणाचे कल्पिलेले जोडीदार, सापडतील असं भलेभले म्हणत होते, त्यांच्यातलाही एक अजून हाती आलेला नाही. तो एक हिग्ज सापडला, त्याचे स्वभावगुण बारकाईने मोजणं चाललंय, आणि बाकी पाटी बरीचशी कोरी. मला यात प्रयोगाचं अपयश दिसत नाही. कुठे काय नाही हे कळणंही कामाचंच असतं. पण वर्गात मी ज्या आवाजात ते सांगितलं तो आवाज लाल बाणवाल्याचाच होता. २००८ चं माझं 'नक्की' बरोबर निघालं, पण ते का बरोबर आहे हे मला धड माहीत नव्हतं. २०१२ चं चुकलं. दोन्ही वेळा मुलांनी विश्वास ठेवला.

आता एक्क्याण्णव किलोमीटरच्या नव्या रिंगणाचा प्रस्ताव आहे. त्यावरची भीती निराळी: पहिल्या टप्प्यालाच सुमारे पंधरा अब्ज स्विस फ्रँक, वीज किती खाणार, आणि एवढं करून नवं काही दिसलंच नाही तर? कृष्णविवरापेक्षा ही भीती मला शहाणी वाटते. टेक्सासमध्ये असंच एक सत्त्याऐंशी किलोमीटरचं यंत्र अर्धंमुर्धं भुयार खणून १९९३ मध्ये सोडून दिलं होतं.

गुरुवार, रात्री

भाच्याला फोन केला. डास, युटाचा कण, फट, श्वेतबटू, सगळं सांगितलं. फट सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकू लागला. आपल्या बाजूची उणीव आपण सांगितली की पोरं कान देतात, हे तीस वर्षं शिकवून आता कळतंय.

शेवटी म्हणाला, "तो माणूस सहा मिनिटांत संपवतो. तू चाळीस घेतलीस."

म्हटलं, "हो रे, लागतात."

मग सहज विचारलं, व्हिडिओ कुणी पाठवला होता तुला? आधी टाळाटाळ. मग म्हणाला, वर्गातल्या एका मैत्रिणीने. ती दोन रात्री झोपलेली नाही, आणि वर्गात विचारलं तर सगळे हसतील म्हणून तिने त्याला विचारायला सांगितलं होतं. "मी तिला सांगेन ना तू म्हणालीस ते."

"तू नको सांगूस. तिच्या आईला विचार, मी बोलले तर चालेल का."

उद्या सात वाजता त्या मुलीचा फोन येणार आहे. श्वेतबटूची आकृती एकदा कागदावर काढून ठेवते.