दोनशे रुपये आणि एक आठवडा

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी उद्योजकता विकास शिकवते. ‘उद्योजकाचे गुण सांगा’ या प्रश्नाचं उत्तर मुलं चोख लिहितात. पण व्यवसाय पाठांतराने येत नाही, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात उद्योजकता शिकवणाऱ्या टीना सीलिग यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना पैसे कमावून दाखवायला पाच डॉलर आणि दोन तास दिले होते. सगळ्यात जास्त, म्हणजे ६५० डॉलर कमावणाऱ्या गटाने त्या पाच डॉलरना हातही लावला नाही. वर्गासमोर बोलायची आपली तीन मिनिटं त्यांनी एका कंपनीला विकली. तोच धागा धरून मी प्रत्येक गटाला दोनशे रुपये आणि एक आठवडा दिला.

आधी विक्री नाही, फक्त चौकशी. एका गटाने एसटी स्टँडवर विचारलं, “नाचणीचे लाडू केले तर घ्याल का?” सगळे हो म्हणाले. पोरांचं मन कोण मोडणार? मग मी प्रश्न बदलायला लावला: “काल गाडीची वाट बघताना काय खाल्लंत? किती पैसे गेले?” बहुतेकांचे दहाच रुपये गेले होते. वीस रुपयांचा लाडू तिथेच बाद झाला, लाडू लहान झाला.

पुढे फळ्यावर हिशेब मांडला. चाळीस लाडू, दहा रुपयांना एक, म्हणजे ४००. साहित्य १८०. “मॅडम, २२० नफा!” गॅस आणि पिशव्या धरल्या, ४० गेले. लाडू वळणाऱ्या आईच्या दोन तासांची मजुरी धरली, १२० गेले. उरले ६०.

“पण आई कुठे पैसे मागते?”

“उद्या धंदा वाढला आणि बाई लावावी लागली तर?”

वर्ग गप्प झाला आणि मग दुप्पट जोराने भांडायला लागला. मला हेच हवं होतं. खाद्यपदार्थ विकायला लागणाऱ्या एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नोंदणीचा ऑनलाइन अर्जही त्यांनीच आईच्या नावाने भरला, विक्री त्यानंतर.

दुसऱ्या गटाने काहीच विकत घेतलं नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्यांसोबत बांधावर जाऊन ई-पीक पाहणीच्या सरकारी अ‍ॅपवर त्यांच्या पिकांच्या नोंदी करून दिल्या, मोबदला घेतला आणि दोनशे रुपये जसेच्या तसे परत आणले.

गुण मी नफ्यावर देत नाही, डायरीवर देते: कोणाला काय विचारलं, काय ऐकलं, त्यावरून काय बदललं. लाडूवाल्या गटाची डायरी तेलकट झाली होती, पण त्यात रोजचा उरलेला माल लिहिलेला होता.