बॅटरी शाबूत, पण टर्मिनल हलेना

ज्या सरोवराच्या सहलीला गेलो होतो, त्याबद्दल इथे फारसं मिळणार नाही. पाणी निळं होतं, मुक्कामाची खोली कोंदट होती आणि काठावर गर्दी इतकी, की निवांत उभं राहायला जागा नव्हती. मला लिहायचंय ते परतीच्या वाटेवरच्या दुपारबद्दल.

पाय मोकळे करायला थांबलो होतो. निघताना किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. दिवे लख्ख लागत होते, पण किल्ली फिरवताच पार विझायचे. बोनेट उघडलं. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडतात त्या खांबावर, पांढरट-हिरवट थर साचला होता आणि क्लॅम्प, म्हणजे वायरच्या टोकाची खांबाला आवळलेली कडी, जागेवर घट्ट चिकटलेला. मदतक्रमांकावर फोन लावला, तिथे फक्त संगीत वाजत राहिलं.

मग माणसं जमली. एकाने जॅकचा दांडा उचलला, म्हणे खालून एक ठोका दिला की निघेल. दुसरा बॅटरीच्या झाकणावर टेकवून स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला निघाला. मला संताप आला. बॅटरीचा खांब शिशाचा असतो, म्हणजे मऊ. ठोक्याने तो वाकतो, बुडाशी तडा गेला तर आतलं सल्फ्युरिक ॲसिड बाहेर येतं. शिवाय बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांच्या वर गेलं, की एक ठिणगी पुरते. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी हातात दांडा असताना हे कोणीतरी सांगायलाच हवं. मी सांगितलं, पण कोणी ऐकेना.

मागे थांबलेल्या ट्रकचे चालक काका आले आणि सगळे गप्प झाले. त्यांनी आधी सिगारेटवाल्याला लांब पाठवलं. "ताई, किल्ली काढून घ्या. थोडा वेळ थांबू." स्वतःचं घड्याळ आणि अंगठी खिशात टाकली, चष्मा आणि हातमोजे चढवले.

"आधी निगेटिव्ह," ते म्हणाले. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो; निगेटिव्ह सुटलेली असली की तो मार्गच तुटतो. 10 नंबरच्या पान्याने ती वायर निघाली. तिचं टोक त्यांनी फडक्यात गुंडाळून बाजूला खोचलं, म्हणजे परत खांबाला शिवणार नाही.

मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून थरावर थोडा थोडा ओतला. फेस आला, थर विरघळला. झाकणाच्या भोकांतून सोडा आत जाऊ नये म्हणून त्यांनी वर फडकं धरलं होतं. आत गेला तर ॲसिडच मरतं. नट सैल केला, क्लॅम्पच्या फटीत स्क्रू ड्रायव्हरचं पातं घालून अगदी हलकं फिरवलं. फट जराशी उघडली. हाताने किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवून पाहिलं. तरी वर येईना.

शेवटी काकांनी पेटीतून पुलर आणला. दोन आकडे क्लॅम्पखाली, मधला स्क्रू खांबाच्या डोक्यावर. स्क्रू फिरवत गेले तसा क्लॅम्प सरळ वर आला. कुठे झटका नाही, कुठे ठोका नाही. मी श्वास रोखून बघत होते. रस्त्यावर इतक्या निगुतीने काम करणारं माणूस मला खूप दिवसांनी दिसलं, सरोवरापेक्षा ते मला मोठं वाटलं.

क्लॅम्प आतून काळा पडला होता. तारेच्या ब्रशने तो आणि खांब चमकेपर्यंत घासले. बसवताना क्रम उलटा: आधी पॉझिटिव्ह, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. नट आवळल्यावर वरून ग्रीसचा पातळ हात. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

माझी तक्रार एकच आहे. गाडीबरोबर जॅक मिळतो, जादा चाक मिळतं, पण 10 नंबरचा पाना, हातमोजे आणि हा छोटासा पुलर का मिळत नाही? जागा मुठीएवढीच लागते.

पुढे गाडीतलं घड्याळ लावून घेतलं. बटण एकदा दाबलं की आपोआप वर जाणारी खिडकीची काच मात्र अर्ध्यात थांबायला लागली. बॅटरी सुटली की काही गाड्यांमध्ये असं होतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही क्षण तसंच धरून ठेवलं, मग ती पूर्ववत चालू लागली.