यॉर्कचा नकाशा: हवा तेव्हा बदलता येणारा

इंग्लंडमधल्या यॉर्कसारख्या जुन्या कॅथीड्रल-शहराचा नकाशा एकदा काढून काम संपत नाही. कधी नुसती तटबंदी हवी असते, कधी बोळ, कधी सगळी नावं देवनागरीत. त्यामुळे नदीचा रंग एका जागी बदलता यावा, चुकलेलं नाव टाइप करून सुधारता यावं आणि नको तो लेयर (नकाशाचा एकेक थर: नद्या, रस्ते, इमारती) बंद करता यावा. ही सोय क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्येच करून ठेवावी लागते. त्यातून निघालेली एसव्हीजी (रेघा-आकारांची चित्र-फाइल) हातात आल्यावर करू म्हटलं, तर हजारभर रेघा वेचत बसावं लागतं.

कागद ए३ आडवा आणि स्केल १:५००० ठेवा. १ मिमी म्हणजे ५ मीटर, म्हणून २१०० बाय १४८५ मीटरचा भाग मावतो. ब्रिटिश नॅशनल ग्रिडवर (ब्रिटनची मीटरमध्ये मोजणारी चौकटी) ४६०३५०, ४५१८५० च्या आसपास मध्य धरला की तटाच्या आतलं शहर पूर्ण बसतं. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) याच ग्रिडचं, म्हणजे ईपीएसजी २७७०० या क्रमांकाचं हवं. वेबवरच्या नकाशांच्या वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये राहून गेलात तर यॉर्कच्या अक्षांशावर लांबी जवळपास १.७ पट फुगते आणि स्केल-पट्टी खोटी ठरते.

नद्या, हिरवळ आणि रेल्वेसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा ओपनमॅप लोकल हा डेटा घ्या, त्यातला यॉर्कचा एसई चौकोन. त्यात इमारती मात्र एकत्र करून ठोकळ्यांसारख्या दिलेल्या असतात. सुट्या इमारती आणि बोळ ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातून घ्यावे लागतात. दोन्ही एकत्र आणताना ओएसटीएन१५ ही अक्षांश-रेखांश ब्रिटिश ग्रिडवर अचूक बसवणारी फाइल क्यूजीआयएसमध्ये आहे ना, ते पाहा. ती नसेल तर साध्या रूपांतरात ५ मीटरपर्यंत चूक राहू शकते, म्हणजे कागदावर १ मिमी. शॅम्बल्ससारखी गल्ली कागदावर तेवढीही रुंद नाही, त्यामुळे ती सरळ घरावर चढते.

रस्ते प्रत्येक चौकात तुटलेले येतात. मिकलगेटचे दहा तुकडे असतील तर त्यावर नाव वळणदार बसणार नाही. क्यूजीआयएसमध्ये आधी नावाच्या कॉलमवर डिझॉल्व्ह (एका नावाचे तुकडे एकत्र) करा, मग मर्ज लाइन्स (टोकं जोडून सलग रेघ).

तटबंदीत सगळ्यात जास्त चुका होतात. सुमारे ३.४ किमी लांबीचा हा तट बंद कडं नाही. लेयरथॉर्प ते रेड टॉवर या टप्प्यात भिंत नाहीच. इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम द कॉन्करर याने फॉस नदी अडवल्यावर तिथे दलदलीचं तळं झालं आणि राखणीचं काम त्या पाण्यानेच केलं. म्हणून तट पॉलिगॉन (बंद आकार) करू नका. सुट्या रेघा ठेवा, नाहीतर आत रंग भरल्याबरोबर नसलेली भिंत उभी राहते.

मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं कॅथीड्रल, हेही नीट बघा. ते जवळपास पूर्व-पश्चिम आहे, पण भोवतीचे पीटरगेट आणि स्टोनगेट हे रस्ते इ.स. ७१ मध्ये वसलेल्या रोमन छावणीच्या रस्त्यांवरून गेलेले, म्हणून तिरपे. ही तिरपी बैठक या नकाशाचा जीव आहे. नीटनेटकं दिसावं म्हणून कुणी मिन्स्टर रस्त्यांना समांतर करतं, तसं अजिबात करू नये. मिन्स्टरची लांबी १५८ मीटर, म्हणजे कागदावर ३२ मिमीच्या जरा आत. स्केल तपासायला याहून चांगली खूण नाही.

नावांचं भाषांतर टाळा. यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता, जुन्या नॉर्स ‘गाता’वरून आलेला. दरवाज्याला तिथे ‘बार’ म्हणतात: बूथम बार, मंक बार, वॉल्मगेट बार, मिकलगेट बार. पीटरगेटचा ‘पीटर दरवाजा’ केला की वाचणारा नसलेली वेस शोधत फिरेल.

देवनागरी लेबलं क्यूजीआयएसमधून न आणता, एसव्हीजी इंक्स्केप या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिथेच टाका. त्याऐवजी इलस्ट्रेटर वापरत असाल तर आधी त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) निवडा. तो नसेल तर ‘यॉर्क’मधला रफार सुटून र वेगळा पडतो आणि ‘मिन्स्टर’ची वेलांटी भलत्या जागी जाते. इंग्रजी नकाशात मोठ्या भागाचं नाव अक्षरं फाकवून लिहितात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात. ठसठशीतपणा हवा असेल तर अक्षर मोठं करा, फाकवू नका. ‘ऊझ नदी’ लिहिताना नदीच्या मधल्या रेघेवर मजकूर बसवू नका, तिच्या बारीक वळणांवर शिरोरेघ फाटते. शेजारी दोन-तीन नोडची (बिंदूंची) सौम्य वक्र रेघ काढून तिच्यावर लिहा. व्हिप-मा-व्हॉप-मा-गेटचं नाव त्या इवल्याशा रस्त्यापेक्षा लांब होतं. तिथे आकडा टाका आणि नाव सूचीत द्या.

क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमधून एसव्हीजी काढताना प्रत्येक लेयरचा वेगळा ग्रुप होईल हा पर्याय चालू ठेवा. लेयरला मल्टिप्लाय (खालच्या रंगात मिसळणं) किंवा पारदर्शकता दिली असेल तर तो भाग फोटोसारखं ठिपक्यांचं चित्र म्हणून बाहेर येतो आणि मग त्यात काहीच बदलता येत नाही. फिकेपणा हवा असेल तर रंगच फिका निवडा. नकाशात ५०० मीटरची पट्टी काढून ठेवा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडल्यावर ती १०० मिमी भरली पाहिजे. ७५ भरली तर ९६ आणि ७२ पिक्सेलच्या इंचांचा घोळ झालाय, सगळं एकत्र निवडून १३३.३३ टक्के करा.

कोपऱ्यात ऑर्डनन्स सर्व्हे आणि ओपनस्ट्रीटमॅप या दोघांचाही श्रेय-उल्लेख द्या. छापखान्याला पाठवायच्या पीडीएफमध्ये मजकुराचे पाथ (अक्षरांऐवजी नुसते आकार) करा, पण ते प्रतीवर. मूळ एसव्हीजीत अक्षरं अक्षरंच राहू द्या.