बेळगावचं बिल आणि भडंगाचे वीस रुपये

नोकरीत माझी गॅप सहा वर्षांची. पोरगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण निघालं, मग असंच राहिलं. त्याआधी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात बिलिंगला होते. एमएस-सीआयटी झालेलं, टायपिंग मराठी ३० आणि इंग्लिश ४०. म्हणजे अगदीच कोरी नाही मी, तरी परत ऑफिसातली नोकरी शोधताना पहिल्या इंटरव्ह्यूत सपशेल आपटले.

तयारी काय केलेली, तर आठवडाभर यूट्यूब बघून स्ट्रेंथ, वीकनेस आणि पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल, हे सगळं इंग्लिशमधनं पाठ. नवऱ्याला म्हणून दाखवलं तर तो म्हणला, एअर होस्टेस वाटतीयस. तिथल्या मॅडमनी त्यातलं एक वाक्य विचारलं नाही. लॅपटॉप पुढं सरकवला, एका शीटमध्ये कामगारांची हजेरी, दुसरीत शिल्लक रजा, दोन्ही एकत्र करा, दहा मिनिटं. आता व्हीलुकअप, म्हणजे एका शीटमधली माहिती दुसरीत शोधून आणायचा एक्सेलचा फॉर्म्युला, मला येतो, लावला, तर निम्म्या ओळींत एन/ए, म्हणजे सापडत नाही. परत लावला, परत एन/ए, हाताला घाम सुटला, वेळ संपली, "कळवतो" म्हणाल्या.

घरी येऊन तसंच शीट करून बघितलं तेव्हा कळलं, नावांच्या शेवटी कुणीतरी स्पेस मारलेली असणार. आपल्याला दिसत नाही पण एक्सेलला दिसते. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावलं असतं तर मिटलं असतं. आणि मुळात नावावर लुकअप लावायचाच नाही, एम्प्लॉयी कोडवर लावायचा, आपल्याकडं कुठल्याही हजेरीपटात चार पाटील असतात न त्यातल्या दोघांचं नाव पण एकच असतं.

मग वरच्या मजल्यावरच्या काकांना गाठलं, सरकारी ऑफिसातनं हेडक्लार्क म्हणून रिटायर्ड झालेत. म्हणाले, "इंग्लिश राहू दे गं, घरातली बिलं आण सगळी." आमच्याकडं ती बुटाच्या खोक्यात असतात, लाईट बिल, गॅस, शाळेची फी, एलआयसी, तीन वर्षांचं एकत्र. काकांनी खोकं कॉटवर उपडं केलं न म्हणाले आवक रजिस्टर घाल याचं, नंबर, तारीख, कुणाकडनं आलं, विषय, कुठल्या फायलीला लावलं. आणि मी लिहीत असताना मधेच म्हणायचे, "मागच्या जूनमधली शाळेची पावती दे," आणि घड्याळाकडं बघत बसायचे. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली. चौथ्या दिवशी त्यांनी घड्याळाकडं बघेपर्यंत पावती हातात.

दुसरं म्हणजे पेटी कॅश, किरकोळ खर्चाला हाताशी ठेवलेली रोकड. काकांनी खिशातनं ५०० रुपये दिले, आठवडाभर वरखर्च यातनंच करायचा आणि प्रत्येक खर्चाचं व्हाउचर, म्हणजे कशाला किती गेले त्याची चिठ्ठी. नियम एकच, कधीही मोजा, उरलेले पैसे आणि व्हाउचर मिळून ५०० आलेच पाहिजेत. शनिवारी मोजलं तर ४८०. दोन तास डोकं खाल्लं तेव्हा आठवलं, पोरगी रडत होती म्हणून विश्रामबागला गाड्यावरनं भडंग घेतलेलं. काका म्हणाले आता त्याचं मागच्या तारखेनं व्हाउचर करू नकोस, कमी आहेत तर कमी आहेत म्हणून लिही. हे मला यूट्यूबवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा इंटरव्ह्यू कुपवाड एमआयडीसीत. तिघंजण होते. एक बिल पुढं टाकलं, यात काय चुकलंय? पार्टी बेळगावची, जीएसटी नंबर २९ नं सुरू, म्हणजे कर्नाटक, आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीचा टॅक्स लावलेला. आपण २७ वाले, म्हणजे महाराष्ट्र, माल तिकडनं इकडं येतोय, दोन राज्यांमधला आयजीएसटी पाहिजे, बिल दुरुस्त करून मागवायचं. हे सांगताना जरा बरं वाटलं खरं.

मग सर्टिफिकेटांची फाइल चाळता चाळता त्यातले मोठे साहेब थांबले. टायपिंगच्या सर्टिफिकेटवर खालच्या बाजूला तपकिरी रेघ आहे, त्यांनी अंगठा फिरवून बघितला, "हे काय?" म्हटलं, २०१९ चा पूर. माहेर सांगलीच्या गावभागात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते, नंतर दोरीवर चिमटे लावून वाळवलेत. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, ऑफिसात पाणी शिरणार म्हणून कळलं तर आधी काय उचलाल? मी म्हटलं जे परत मिळत नाही ते. करारनामे, लायसन्स, चेकबुक, कामगारांची ओरिजिनल कागदं, मग कॉम्प्युटर. जीएसटीचे रिटर्न पोर्टलवर असतात, त्याच्या प्रिंटा भिजल्या तर भिजू देत. आणि हे ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघून नाही, ४० ची इशारा पातळी आली की सुरू. साहेब हसले, "आमच्याकडं पाणी येत नाही, पण ठीकाय."

पगार १५ हजार म्हणाले. मी विचारलं, ग्रॉस, म्हणजे कापायच्या आधीचा, का हातात? ग्रॉस. सगळ्यावर पीएफ धरला तर १२ टक्के म्हणजे १८०० गेले, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के म्हणजे शंभरावर काहीतरी, प्रोफेशनल टॅक्स बायकांना २५ हजारांपर्यंत नाही, म्हणजे हातात तेरा हजार आणि थोडे. हे मी तिथंच बोटांवर करून म्हटलं, सर, जरा बघा. त्यांनी १६ केलं.

एक तारखेला जॉइन व्हायचंय. काकांचे पैसे काल परत द्यायला गेले, ४८० आणि वर वीस घालून ५००. त्यांनी वीसची नोट परत हातात दिली न म्हणाले, त्याचं व्हाउचर कुठाय?