सासूबाईंच्या पणजोबांचा माग

सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत 1879 सालची जमिनीची एक सनद फ्रेम करून लावलेली आहे. त्यांचे पणजोबा नॉर्वेहून आले, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात बून काउंटीत त्यांनी जमीन कसली आणि सनदेवर खुद्द राष्ट्राध्यक्ष हेज यांची सही आहे, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. (1833 नंतर अशा सनदांवर राष्ट्राध्यक्षांच्या नावाने त्यांचे सचिवच सही करत. हे कळल्यावरही सून म्हणून मी गप्प बसले.) नॉर्वेतलं गाव कुठलं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. चिकाटी माझ्याकडेच जास्त, म्हणून काम माझ्यावर आलं.

नावावरून शोधायला गेलं तर आडनाव ओल्सन! नॉर्वेजियन वस्तीत दगड भिरकावला तरी एखाद्या ओल्सनला लागेल. 1880 च्या जनगणनेत वय, बायको, मुलं सापडली. जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं 'नॉर्वे'. 1890 ची जनगणना तर 1921 सालची वॉशिंग्टनमधली आग आणि नंतरची सरकारी विल्हेवाट यांत जवळजवळ संपूर्ण गेली. नेब्रास्काने 1885 मध्ये वेगळी गणना केली होती, तिने मधला खड्डा थोडा भरला. पण गाव नाहीच.

मग नाव सोडून जमिनीच्या मागे लागले. सरकारी जमीन वाटणाऱ्या लँड ऑफिसच्या जुन्या सनदा सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तिथे टाउनशिप, रेंज, सेक्शन असा जमिनीचा पत्ता मिळतो. सेक्शन 640 एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या 1862 च्या होमस्टेड कायद्याने मिळणारे 160 एकर. सनद हा शेवटचा कागद. खरा ऐवज तिच्या मागच्या फाइलीत असतो. या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि नेब्रास्काच्या स्कॅनही झाल्या आहेत.

ती फाइल मी दोन रात्री वाचत बसले होते. पाच वर्षं राहून जमीन कसल्याचा पुरावा द्यावा लागे, शेजारच्या दोघांची साक्ष लागे. त्यामुळे सगळा संसारच कागदावर उतरलेला. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिपांचं घर, 14 फूट बाय 16 फूट, एक दार, दोन खिडक्या. विहीर. किती एकर नांगरले, काय पेरलं. एका हिवाळ्यात कुटुंब जमिनीवर नव्हतं, त्याचा खुलासाही आहे: 1874 ची टोळधाड. पीक गेलेल्यांना दावा न गमावता काही महिने बाहेर जायची मुभा अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, तेव्हा दिली होती.

एक गोष्ट या फाइलीत नाही. ही 'मोकळी' जमीन तिथल्या मूळच्या पॉनी जमातीच्या लोकांची होती. 1857 च्या करारात ती सरकारकडे गेली आणि उरलेला राखीव टापू, आजची शेजारची नान्स काउंटी, सोडून त्यांना 1870 च्या दशकात दक्षिणेला जावं लागलं. वंशावळीत हे लिहायचं, असा आग्रह मी धरला. नवऱ्याने लगेच मान डोलावली, सासूबाईंनी जरा वेळ घेतला.

गावाचा धागा निघाला तो नागरिकत्वाच्या कागदातून. स्वीडन आणि नॉर्वेच्या राजावरची निष्ठा सोडण्याचा इरादा पणजोबांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या डेन काउंटीच्या कोर्टात नोंदवला होता. म्हणजे नेब्रास्काआधी मुक्काम तिथे! तिथल्या लुथेरन चर्चच्या लग्नाच्या नोंदीत पाद्रीबुवांनी दोघांचं मूळ लिहून ठेवलेलं: सोग्न भागातलं लुस्टर, आणि पुढे शेताचं नाव. नॉर्वेत तेव्हा स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि राहत्या शेताचं नाव अशी ओळख असे. आपल्या गावावरून पडलेल्या 'कर' आडनावांसारखीच. शेत बदललं की नावाचा तो भागही बदले, हे ध्यानात ठेवलं नाही तर एकाच माणसाची तीन माणसं होतात.

पुढचं सोपं होतं. नॉर्वेचं डिजिटल अभिलेखागार फुकट आहे आणि 1865 च्या तिथल्या जनगणनेत माणसांबरोबर गुरं आणि पेरलेलं बियाणंही मोजलं आहे. घरात नेहमी ऐकायला मिळे, 'तिकडे आमची मोठी शेती होती.' नोंदीत वडील हुसमान्न, म्हणजे मालकाच्या तुकड्यावर राहून त्याबदल्यात राबणारे. एक गाय, चार मेंढ्या, थोडे बार्ली-बटाटे. सासूबाईंनी चष्मा लावून ते पान नीट पाहिलं आणि प्रिंट मागितली.

आता त्यांना पणजीचाही माग हवा आहे. तिचं नाव ना सनदेवर, ना नागरिकत्वाच्या कागदावर. पण लग्नाच्या नोंदीत तिच्या शेताचं नाव आहे, तिथून सुरुवात केली आहे.