दोरा आतच ठेवायचा

मामाच्या गावची दिंडी दरवर्षी पौषात त्र्यंबकला जाते. निवृत्तीनाथांची समाधी ज्येष्ठातली, शके १२१९ ची, पण गर्दी लोटते ती पौष वद्य एकादशीला. यंदा मीही निघालो. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, ०.०२ मिलिमीटरचा फरक पकडायचा, तुकडा मापात नसला तर लाल डब्यात. घरीही मी असाच, असं बायको म्हणते. मुलीच्या वहीतल्या वाकड्या समासावरून आमच्याकडे ताटं निवलेली आहेत.

दिंडीत शिरलो आणि जीव कातावला. रांगा सरळ नाहीत, पताका कशाही. त्यात माझ्या पुढचे तात्या. कांदा लावणारा माणूस, गळा गोड, पण टाळ ठेक्याच्या किंचित मागे. कधी मागे, कधी पुढे असता तर चाललं असतं. हे कायम मागे. हरिपाठात माझं लक्ष नामात नाही, त्या टाळात. रात्री मृदंगाच्या वाद्या ओढत बसलेल्या बुवांना शेवटी विचारलंच, "त्यांना कुणी सांगत का नाही?"

"मीच सांगितलं होतं एकदा. मग तात्या नुसता टाळ धरून चालला. माझाच हात अडखळायला लागला." बुवांनी वादी सोडली नाही.

मोहदरीचा घाट उतरलो तो पहिला दिवस की दुसरा, आता आठवत नाही. पहाटे काकड्याला दात वाजत होते आणि टँकरचं पाणी अंगावर घेताना मी देवाला नको ते बोललो, एवढं आठवतं. घाट उतरताना बोटं बुटात पुढे सरकतात. आधी चुणचुण, मग चटका, मग प्रत्येक पावलाला डोक्यात कळ. शिंदे गाव मागे पडेपर्यंत दिंडीचा नुसता आवाज ऐकू येत होता. पळश्याच्या अलीकडे एका घराच्या ओट्यावर टेकलो आणि बूट काढला. अंगठ्याखाली चवड्यावर लिंबाएवढा फोड. मी मोजे दोन-दोन घातले होते, पावडर मारली होती, बूट महिनाभर वापरून मऊ केले होते. तयारीत बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणूनच संताप जास्त. शेजारून दुसरी दिंडी नाचत गेली. एकाने "चला माउली!" म्हणून हाक दिली, तर मी तोंड फिरवलं.

घरातून आजी आल्या. पाय पाहिला, आत गेल्या, सुई, दोरा आणि हळद-तेलाची वाटी घेऊन आल्या. सुई चुलीवर धरून काळी केली होती.

"ओवून दे रे. मला दिसत नाही."

दोरा गोधडीतून उसवलेला, मध्येच गाठ.

"आजी, याला गाठ आहे."

"मग गाठीच्या अलीकडून घालू."

एका बाजूने सुई टोचली, दुसऱ्या बाजूने काढली. पाणी भळकन आलं. मला वाटलं आता दोरा ओढून काढतील. त्यांनी तो आतच ठेवून तोडला, एक टोक लांब, एक तोकडं. मी सारखं करायला हात पुढे केला तर चापटी बसली. "राहू दे. त्याच्यावाटे पाणी झिरपत राहतं. कातडं बसेल आपोआप."

"किती दिवसांनी?"

"बसेल तेव्हा."

मग ओट्याखालून त्यांनी रबरी चपला काढल्या. एकीचा पट्टा निळा. दुसरीचा अंगठा तुटलेला, खालून सेफ्टी पिन मारलेली. मापही थोडं वेगळं. मी त्या घातल्या, बूट पिशवीला लटकवले. गुळाचा चहा झाला. चपला परत कधी आणून देऊ, विचारलं, तर त्या म्हशीला ओरडत गोठ्याकडे निघूनही गेल्या होत्या. पुढे नाशिक रोडपर्यंत तो दोरा चपलेवर घासत होता आणि मी चालत होतो. हरिपाठ कधी संपला ते कळलं नाही.

पंचवटी, गोदाकाठ, सातपूर. माझ्या कारखान्याच्या रस्त्यावरून गेलो, बघायचं राहून गेलं. महिरावणीला पिठलं-भाकरी, मीठ कमी.

अंजनेरीच्या अलीकडे कीर्तनात ती कथा लागली. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, वाघ, सगळ्यांची पांगापांग आणि निवृत्ती नेमका गहिनीनाथांच्या गुहेत. शंभरदा ऐकलेली. या वेळी मनात आलं, ती प्रदक्षिणा पुढे पुरी झाली की नाही? बुवांना विचारणार होतो, पण ते घोरत होते.

त्र्यंबकला दर्शनबारी कुठे संपते तेच दिसेना. पत्रावळ्यांचा खच, चिखल, कुशावर्तावर ढकलाढकली. मी कळसालाच हात जोडले. साबुदाण्याची खिचडी गचका झालेली, दोनदा घेतली. तात्या मात्र बारीत उभे राहायला निघाले आणि जाताना टाळ माझ्या गळ्यात घालून गेले. कडेला केसाएवढी चीर होती.

भजन सुरू झालं. मी ठेका धरला, अगदी बरोबर मात्रेवर. बुवांनी एकदा वळून पाहिलं, मग पुन्हा.

"जरा मागे राहा," ते म्हणाले.

"किती मागे?"

पण तोवर विणेकऱ्यांनी पुढचा अभंग उचलला होता.